घरचें दळण : जातें, चक्की आणि पीठ

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे शेतकरी चार बाजार हिंडतो, दांत पाहतो, खांदा चांचपतो, जोडीला जुंपून चालवून पाहतो, आणि बरोबर आणलेल्या दोन जाणत्या माणसांस विचारल्यावांचून रुमालाखालीं हात घालीत नाहीं. तोच शेतकरी घरांत दळणाचें यंत्र आणावयाचें ठरवितो तेव्हां तालुक्याच्या दुकानांत जातो, रंग व चाकें पाहतो, आणि अर्ध्या घटकेंत सौदा करून मोकळा होतो. बैल तो स्वतः हांकणार असतो. चक्की मात्र घरांतील बायका चालविणार असतात. दोन खरेदींतील काळजीचा हा फरक कोठून येतो हें आम्हीं सांगावयास नको. घरीं चक्की असावी कीं नसावी, असल्यास कोणती, आणि ती कशी वापरावी, ह्याचा थोडा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. हा विचार दुकानापासून सुरू न करतां चुलीपासून सुरू केला पाहिजे, असें आमचें मत आहे.

दळणाचीं तीन साधनें आज आपल्या खेड्यांत एकाच वेळीं नांदत आहेत : ओसरीच्या कोपऱ्यांतील दगडी जातें, गांवांतील पिठाची गिरणी, आणि अलीकडे घरोघर येऊं लागलेली विजेची लहान चक्की, जिला लोक घरघंटी म्हणतात. पैकीं गांवच्या गिरणीनें बायकांची पहाटेची झोप त्यांस परत मिळवून दिली, हा उपकार लहान नव्हे. वर्धा येथें इ. स. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें हातदळीच्या पिठाचा व हातसडीच्या तांदुळाचा पुरस्कार केला होता. त्यांतील आरोग्याचा मुद्दा आजही खरा आहे; परंतु तो मुद्दा बारकाईनें पाहिल्यास हातानें दळण्याचा नसून धान्य सबंध दळण्याचा आहे. कोंडा व अंकुर वेगळे काढून नुसता मधला पांढरा भाग दळतात त्या मोठ्या रोलर गिरण्या. गांवची चक्की दाणा सबंधच दळते. पुढें चाळणींतून आपण किती कोंडा टाकून देतों हा दोष आपल्या घरचा, गिरणीचा नव्हे. जात्यावरच्या ओव्या जतन व्हाव्यात हें खरें, आणि गी पॉइटवाँ व हेमा राईरकर ह्यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून तें काम केलेलेंही आहे. पण त्या ओव्यांतून दळणाच्या कष्टांची कहाणी किती वेळां येते हें ज्यानें ऐकलें आहे, तो घरांतील बायकांस पुन्हां जात्यावर बसण्याचा उपदेश करण्याच्या भरीस पडणार नाहीं.

मग घरीं दळावें तें कशासाठीं? बहुतेक लोक पैशाचें कारण सांगतात. तें कारण कितपत खरें आहे तें पुढें हिशेबानें पाहूं. आमच्या दृष्टीनें खरें कारण दुसरेंच आहे, आणि तें म्हणजे पिठाचें आयुष्य.

पीठ किती दिवस टिकतें

दाणा सबंध असतो तोंवर त्यांतील स्निग्धांश मुख्यतः अंकुरांत व त्याच्या आसपासच्या थरांत बंद असतो, आणि त्या स्निग्धांशाचें विघटन करणारा जो लायपेज नांवाचा पाचक द्रव दाण्यांतच असतो, त्याची व स्निग्धांशाची फारशी गांठ पडत नाहीं. म्हणूनच नीट वाळवून कोठींत भरलेली बाजरी वर्षभर चांगली राहते. दळतांना हे सर्व थर फुटतात, दोघांची गांठ पडते, वरून हवाही लागते, आणि मोकळीं आम्लें तयार होऊन पीठ कडवट होऊं लागतें. ज्या धान्यांत स्निग्धांश अधिक त्याचें पीठ लवकर बिघडतें. शंभर ग्रॅम धान्यामागें हा अंश गव्हांत सुमारें दीड ग्रॅम, ज्वारींत पावणेदोन ते दोन, मक्यांत साडेतीनच्या वर, आणि बाजरींत पांच ग्रॅम किंवा थोडा अधिकच असतो. बाजरीचा दाणा लहान, पण त्यामानानें अंकुर मोठा. सबब बाजरीचें पीठ सर्वांत नाजूक.

घरोघरच्या बायकांस हें शास्त्राच्या आधींपासून ठाऊक आहे. बाजरीचें पीठ आठवड्याच्या आंत संपवावें, उन्हाळ्यांत तर चार-पांच दिवसांतच, असा आमचाही अनुभव आहे. ज्वारीचें पीठ इतक्या लवकर कडू होत नाहीं. परंतु पंधरवडा उलटला कीं त्याची विरी जाते, म्हणजे उंडा मळतांना पीठ जुळून येत नाहीं आणि थापतांना भाकरीच्या कडा तुटतात. मग सुनेचा हात वाईट ठरतो, वास्तविक दोष डब्याच्या तळाशीं राहिलेल्या पिठाचा असतो. गव्हाचें पीठ सर्वांत सोशीक. कोरड्या डब्यांत तें तीन-चार आठवडे चांगलें राहतें, पावसाळ्यांत कांहींसें कमी.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. थालिपिठाची भाजणी महिनोन् महिने टिकते, ती कां? धान्य आधीं भाजल्यामुळें हा लायपेज निकामी होतो व ओलावाही निघून जातो. ह्याच तत्त्वावर बाजरी उकळत्या पाण्यांत अर्धा मिनिट बुडवून लगेच काढून, कडकडीत वाळवून मग दळल्यास पीठ पुष्कळ जास्त दिवस गोड राहतें, असें प्रयोगांतीं दिसून आलेलें आहे. ज्यांस शहरांतील मुलांकडे बाजरीचें पीठ पाठवावयाचें असतें त्यांनीं हें करून पाहावें. अर्धा मिनिट म्हणजे अर्धाच मिनिट; दाणा फुगूं देऊं नये, नाहीं तर घुगऱ्या होतील.

आतां ह्यावरून चक्कीविषयीं काय ठरतें तें पाहावें. ज्या घरीं वर्षभर गव्हाच्या पोळ्याच होतात, त्यांस महिन्यांतून एकदां गांवच्या गिरणीवर वीस-पंचवीस किलोंचा डबा पाठविल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या घरीं हिंवाळाभर बाजरी व एरवीं ज्वारी खाल्ली जाते, त्यांस दर चार-आठ दिवसांनीं चार-पांच किलोंचें दळण हवें असतें. गिरणी गांवांत असून रोज चालू असेल तर तेंही साधतें. पण वस्ती मळ्यांत, गिरणी दोन मैलांवर, पावसाळ्यांत वाटेंत ओढा, आणि गिरणीवर गेल्यावर वीज नाहीं, अशी स्थिति असेल तर घरची चक्की ही चैन राहत नाहीं. भाकरी खाणाऱ्या घरांस चक्कीची गरज अधिक असते, आणि ती विकत मात्र आधीं घेतात पोळी खाणारीं घरें, हा उलटा प्रकार आम्ही पाहत आलों आहों.

जात्याची जागा

जातें मोडीत काढूं नये. रोजच्या पिठासाठीं नव्हे, तर भरडण्यासाठीं. तुरीची, मुगाची, हरभऱ्याची डाळ, गव्हाच्या कण्या, भाजणीचा जाडसर भरडा, हीं कामें हातच्या जात्यावर जितकीं आपल्या मनाप्रमाणें होतात तितकीं लहान यंत्रावर होत नाहींत. मधल्या खिळीवर चिंधीचें कडें घालून वरची तळी किंचित उचलली कीं दाणा पिसला न जातां दोन फांकांत फुटतो. (डाळीचें मोठ्या प्रमाणावरील काम हा निराळा विषय आहे; त्यासाठीं अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें लहान डाळगिरणी तयार केलेली आहे.)

जातें नवें घ्यावयाचें असल्यास दगड काळा, घट्ट व बारीक कणाचा पाहावा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत दोन प्रकार आढळतात : एक भरीव, आणि एक लहान लहान पोकळ्या असलेला, ज्या पोकळ्यांत कधीं कधीं पांढरे खडे बसलेले असतात. हे पांढरे खडे सुटून पिठांत येतात, म्हणून असा दगड दळणाच्या कामाचा नव्हे. वरच्या तळीवर हातोडीनें हलकेंच ठोकून पाहावें. भरीव दगड खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. दोन्ही तळ्या एकीवर एक ठेवून फिरविल्या असतां कडेला सारख्या टेकाव्यात. वरच्या तळीच्या तोंडांत बसविलेली लांकडाची मांकडी झिजली असल्यास तळी झोंकांड्या खाते व दगडाला दगड घांसतो. ही मांकडी बदलणें गांवच्या सुताराचें अर्ध्या तासाचें काम असतें, आणि तेवढ्यासाठीं चांगलीं जातीं परसांत पडून राहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. जातें कधींही रिकामें फिरवूं नये. तोंडांत वैरण नसतांना फिरविलेल्या जात्यानें जें झडतें तें पुढच्या दळणांत उतरतें.

विजेची चक्की : दगडाची कीं पात्यांची

घरगुती चक्क्या मुख्यतः दोन जातींच्या आहेत. एकींत गांवच्या गिरणीप्रमाणेंच दोन लहान दगड असतात. हे बहुधा खाणींतले नसून कुरुंदाचे खडे सिमेंटासारख्या मसाल्यांत बांधून ओतलेले असतात. दाणा ह्या दोन दगडांमध्यें चिरडला व घांसला जातो. दुसरींत पोलादी कोठडी असते, तींत वेगानें फिरणारीं पातीं दाण्यावर आघात करून त्याचे तुकडे करतात, आणि जाळीच्या छिद्रांतून जाण्याइतका बारीक झाला म्हणजे तो खालच्या डब्यांत पडतो. हल्लीं घरघंटी म्हणून कपाटासारखें जें यंत्र सर्वत्र दिसतें तें बहुधा ह्या दुसऱ्या जातीचें.

दोहोंच्या पिठांत फरक असतो. दगडामध्यें चिरडल्या गेलेल्या गव्हांतील पिष्टाचे कण अधिक फुटतात, त्यामुळें कणीक पाणी जास्त पिते व पोळी मऊ राहते. मात्र दगड फार जवळ आणून घाईनें दळल्यास पीठ तापतें. गिरणींतून आणलेल्या पिठांत हात घालवत नाहीं असा अनुभव सर्वांस आहे, आणि असें भाजलेलें पीठ चवीस उतरतें. पात्यांच्या यंत्राचें पीठ जाळीवर अवलंबून असतें. गव्हांत चिकटा असल्यामुळें पीठ किंचित रवाळ असलें तरी पोळीस फारशी बाधा येत नाहीं. ज्वारी-बाजरींत तो चिकटा नाहीं. त्यांचा उंडा केवळ पिठाच्या बारीकपणावर, ताजेपणावर व गरम पाण्यावर जुळतो. म्हणून भाकरीच्या घरीं पीठ रवाळ येऊन चालत नाहीं.

ह्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यानें काय होतें त्याचें एक उदाहरण देतों. आमच्या माहितींतील एका सधन बागाईतदाराच्या घरीं दोन्ही वेळां ज्वारीची भाकरी होते. यजमानांनीं मोठ्या हौसेनें पात्यांचें यंत्र आणून सणाच्या दिवशीं त्याची पूजा केली. महिन्याभरानें आम्ही गेलों तेव्हां त्यावर चादर घालून वर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या होत्या. घरच्या आजीबाईंनीं एकाच वाक्यांत निकाल दिला : “पिठाला विरीच नाहीं, बाबा, थापायची कशी?” यजमान म्हणाले, बायकांस नवें नको असतें. वास्तविक बायकांचें बरोबर होतें. यंत्राबरोबर आलेल्या जाळ्यांपैकीं सर्वांत बारीक जाळी कागदांत गुंडाळलेली तशीच राहिली होती, आणि बसविलेली जाळी रव्याची होती. विकणारानें ती बदलून दाखविली नव्हती आणि घेणारानें विचारिली नव्हती. जाळी बदलून, ज्वारी एक दिवस चांगली ऊन खाववून, पुन्हां निववून दळल्यावर भाकरी साधली. तरीही आजीबाईंचें म्हणणें गिरणीचें पीठ सरस, आणि त्यांच्या हातची भाकरी ज्यानें खाल्ली आहे त्यानें त्यांच्याशीं वाद घालूं नये. आतां त्या घरीं गहूं, बेसन व मेतकूट घरीं होतें, आणि ज्वारी गिरणीवर जाते. यजमानांनीं आधीं विचारिलें असतें तर त्यांनीं दगडाची चक्की घेतली असती.

म्हणून आमची सूचना अशी कीं, यंत्र घेण्यास जातांना घरची स्वच्छ केलेली दोन किलो ज्वारी किंवा बाजरी बरोबर न्यावी, आणि जी रोज भाकरी करते तिलाही बरोबर न्यावें. दुकानदार दाखविण्यासाठीं गहूं दळून दाखवितो. गहूं कोणत्याही यंत्रांत बरा दळतो. आपलें धान्य आपल्यासमोर दळवावें, पीठ चिमटींत घेऊन चोळून पाहावें, आणि तें घरीं आणून भाकरी करून खाल्ल्यावर मग पैसे मोजावे. जो दुकानदार ह्यास कबूल होत नाहीं त्याचें दुकान सोडावें. जाळ्यांवरील आंकड्यांवर विसंबूं नये. ते कारखान्यागणिक निराळे असतात. जाळी उजेडासमोर धरून छिद्रच पाहावें. किती जाळ्या बरोबर मिळतात, पुढें जाळी किंवा दगड जवळच्या शहरांत मिळेल कीं नाहीं, आणि कोठडीचें दार उघडतांच यंत्र आपोआप बंद पडतें कीं नाहीं, ह्या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. लहान मुलें असलेल्या घरीं ह्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

खर्चाचा हिशेब

घरगुती चक्कीची मोटर बहुधा एक अश्वशक्तीची असते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. निरोगी माणूस दिवसाच्या कामांत सतत जेमतेम ७५ वॅट शक्ति लावूं शकतो, म्हणजे ही लहान मोटर दहा माणसांचें बळ घरांत आणते. मोटरींत वायां जाणारी शक्ति धरून तासाला सुमारें एक युनिट वीज लागते, आणि तासांत बारीक पीठ साधारण सात-आठ किलो निघतें. जाहिरातींतील याहून मोठे आंकडे बहुधा जाड भरड्याचे असतात.

आतां सहा माणसांच्या घरीं रोज अडीच किलो पीठ लागतें असें समजा; महिन्यास ७५ किलो. दळण्यास सुमारें दहा तास व दहा युनिट लागतील. युनिटास आठ रुपये धरले तर वीज ८० रुपयांची झाली. गिरणीवाला किलोस पांच रुपये घेत असेल तर त्याचे ३७५ झाले. महिना बचत २९५ रुपये. यंत्राची किंमत वीस हजार धरली तर ती फिटावयास साडेपांच वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि त्यांत जाळ्या, पट्टा, दुरुस्ती व गुंतलेल्या रकमेचें व्याज धरलेलेंच नाहीं. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून हा हिशेब स्वतः करावा. केवळ पैसे वांचविण्यासाठीं चक्की घेणें बहुतेकांस परवडणार नाहीं. गिरणीवरच्या खेपा, तेथें मोडणारा वेळ, आपल्या धान्यांत मिसळणारें पुढच्या-मागच्याचें पीठ, आणि बाजरीचा कडूपणा, ह्यांचें मोल ज्यास वाटतें त्यानेंच ती घ्यावी. दोन भावांचे शेजारीशेजारीं संसार असतील तर दोघांत एक घेतल्यास हिशेब बराच सुधारतो. पण मग दळणाचे वार आधींच वांटून घ्यावेत.

विजेविषयीं दोन शब्द. मळ्यांत पंपासाठीं आलेल्या तारेवरून चक्की जोडूं नये. घराच्या जोडणीवर, सोळा ॲंपिअरच्या स्वतंत्र प्लगावर, नीट अर्थिंग करून ती चालवावी. दिव्याच्या बारीक वायरीवरून जोड घेऊन चालविलेल्या चक्क्यांच्या मोटरी जळतात, आणि वायर तापून आग लागण्याचेंही भय असतें. संध्याकाळीं व्होल्टेज उतरलें म्हणजे मोटर नुसती घुमते व वेग घेत नाहीं. अशा वेळीं दळण सकाळवर टाकावें.

धान्याची तयारी

चांगल्या यंत्रापेक्षांही चांगल्या पिठास कोरडें व स्वच्छ धान्य अधिक लागतें. दाणा दांताखालीं कटकन तुटला पाहिजे. चेपला तर तो ओला समजावा. ओल्या धान्यानें जाळी बुजते, दगड लिंपले जातात, पीठ तापतें व डब्यांत गठ्ठे धरतें. पावसाळ्यांत दळणाआधीं धान्यास ऊन द्यावें, पण उन्हांतून उचललेलें तापलें धान्य तसेंच चक्कींत घालूं नये. रात्रभर निवूं द्यावें. खडे, माती व खिळ्याचे तुकडे निवडून काढावेत. मळणीयंत्रावरच्या धान्यांत लोखंडाचे बारीक तुकडे सांपडतात. एक साधा लोहचुंबक सुपांत फिरवून पाहावा, काय चिकटतें तें पाहून आश्चर्य वाटेल.

ह्यापुढील दोन गोष्टी जिवाशीं गांठ घालणाऱ्या आहेत, म्हणून त्या अधिक विस्तारानें सांगतों.

पहिली अरगटाची. फुलोऱ्याच्या वेळीं ढगाळ व दमट हवा राहिली म्हणजे बाजरीच्या कणसांतून मधासारखा चिकट द्रव गळतो, आणि पुढें त्या जागीं दाण्याऐवजीं काळपट, कठीण गांठी धरतात. ह्या गांठी विषारी आहेत. त्या दळल्या गेल्यास मळमळ, वांत्या, गुंगी असे विकार होतात, आणि पीठ झाल्यावर त्या ओळखूं येत नाहींत. बाजरीच्या पिठाचा रंग मुळांतच करडा. गिरणीवरील गर्दींत धान्य कोणी पाहत नाहीं, घरीं दळणारास तें पाहण्याची संधि आहे, ती त्यानें घालवूं नये. असा रोग शेतांत दिसला असेल तर दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवून त्यांत बाजरी थोडी थोडी सोडून ढवळावी. गांठी व पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळून किंवा खोल पुरून टाकावेत. तळाची बाजरी स्वच्छ पाण्यानें दोन-तीनदां धुऊन कडक उन्हांत वाळवावी आणि मगच कोठींत किंवा चक्कींत घालावी. तरंगलेला गाळ गुरांपुढें टाकूं नये, त्यांसही तो बाधतो.

दुसरी गोष्ट बियाण्याची. पेरणी आटोपली कीं पिशवीच्या तळाशीं किलो-अर्धा किलो बियाणें उरतें. तें औषध चोळलेलें असतें, आणि ओळखूं यावें म्हणून त्यास लाल, गुलाबी, निळा असा रंग दिलेला असतो. धुतल्यानें रंग जाईल, विष जाईलच असें नाहीं. तें दळणांत घालूं नये, कोंबड्यांस घालूं नये, आणि ज्या डब्यांत तें ठेविलें त्या डब्यांत पीठ भरूं नये. काटकसरी घरांतच ही चूक होण्याचा संभव अधिक. उरलेलें धान्य फेंकणें जिच्या जिवावर येतें ती बाई तें हौसेनें नव्हे तर संवयीनें दळणांत मिसळते. म्हणून बियाण्याची उरलेली पिशवी घरांत आणूंच नये.

चालवितांना

यंत्र आधीं रिकामें सुरू करून वेग घेऊं द्यावा, मग धान्याची झडप थोडी थोडी उघडावी. बंद करतांना उलट : झडप आधीं मिटावी, कोठडी रिकामी होईपर्यंत मिनिटभर चालूं द्यावें, आणि नंतर बटण बंद करावें. मध्येंच वीज गेली तर कोठडींत धान्य अडकून राहतें. वीज येतांच तसेंच बटण दाबल्यास मोटरीस भार घेऊन उठावें लागतें, व बहुतेक मोटरी अशाच वेळीं जळतात. बटण बंद करून, प्लग काढून, कोठडी मोकळी करावी आणि मग सुरू करावें. प्लग काढल्यावांचून आंत हात घालूं नये, हें मुलांस एकदां नव्हे तर दहादां सांगावें. चालविणाऱ्या बाईनें पदर खोंचावा, केस बांधावेत, आणि पिठाच्या धुळीनें खोकला येत असल्यास नाकास फडकें बांधावें. चक्कीची जागा चुलीपासून दूर असावी. हवेंत उडालेलें पीठ पेट घेतें.

तेलकट जिन्नस, म्हणजे शेंगदाणे, तीळ, खोबरें, ह्या यंत्रांत घालूं नयेत. जाळी बुजून लोळ होतो. हळकुंडें सबंध घालूं नयेत, आधीं खलबत्त्यांत फोडावीं. मिरची व मसाले दळल्यास त्यांचा वास चार दळणें जात नाहीं, म्हणून ज्यांस मसाला करावयाचाच असेल त्यांनीं तो गिरणीवर करवावा. वरई किंवा राजगिरा उपासासाठीं दळावयाचा असेल तर आधीं कोठडी ब्रशानें झाडून, मूठभर त्याच धान्याचें दळण काढून बाजूस ठेवावें. घरांत कोणास गहूं वर्ज्य असेल तर तेवढ्यानेंही भागत नाहीं. त्याचें ज्वारी-बाजरीचें दळण जात्यावर किंवा निराळ्या यंत्रावरच करावें.

दळून झाल्यावर पीठ परातींत पसरून निवूं द्यावें. गरम पिठावर झांकण घातलें कीं वाफ आंतल्या आंत थिजते, पीठ ओलसर होतें, मग त्यास वास येतो व अळी-जाळी धरते. नव्या पिठांत जुनें पीठ मिसळण्याची चाल फार वाईट. जुन्याचा कडूपणा व कीड नव्यास लागते. डबा रिकामा करून पुसून, ऊन दाखवून मगच भरावा. पात्यांच्या यंत्राची जाळी, कोठडी व हवा गाळणारी कापडी पिशवी दर दळणानंतर झाडावी. ह्या कोपऱ्यांत राहिलेलें मूठभर पीठ पुढच्या आठवड्यास किड्यांचें माहेर होतें.

दगडाची निगा

जात्यास व दगडाच्या चक्कीस टांकी लावण्याची वेळ आली हें पीठच सांगतें. एरवीं होई तितकें दळण्यास वेळ अधिक लागूं लागला, पीठ तापूं लागलें, चोळून पाहतां चपटे कण हातीं लागूं लागले, म्हणजे दगड गुळगुळीत झाला असें समजावें. तळ्या अधिक आवळून काम निभवूं नये. त्यानें पीठ भाजतें व दगड झिजतो. टांकी मध्याकडे थोडी खोल व कडेकडे उथळ लावून घ्यावी, म्हणजे दाणा आंत सहज शिरतो व कडेला येतां येतां बारीक होतो. खीळ किंवा लोखंडी कडें दगडांत सैल झालें असल्यास तें शिसें ओतून कदापि बसवूं नये. पश्चिम आशियांत जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील कांहीं खेड्यांत गिरणीच्या दगडांत असें शिसें ओतलेलें होतें. तें झिजून पिठांत गेल्यानें कुटुंबेंच्या कुटुंबें शिशाच्या विषबाधेनें आजारी पडल्याचें इ. स. १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आलें. लांकडाची पाचर किंवा नुसतें लोखंड पुरेसें होतें.

टांकी लावल्यावर दगड ताठ कुंच्यानें झाडून, पाण्यानें धुऊन, पुरते वाळूं द्यावे. मग किलो-दीड किलो हलक्या प्रतीचें धान्य दळून तें पीठ कोंबड्यांस घालावें. त्यांस कच चालते. गुरांस घालूं नये. दुसऱ्या वेळचें थोडें पीठ पाण्याच्या वाटींत कालवून ओतून द्यावें व तळाशीं बोट फिरवून पाहावें. कच लागली तर आणखी एक दळण काढून टाकावें. लागली नाहीं म्हणजे घरचें दळण सुरू करण्यास हरकत नाहीं.